मला फ्री साइज बसत नाही

साठी उलटलेल्या बायकांचा आमच्या सोलापुरात एक गणवेश आहे, गाउन. तसं सोलापूर गणवेशांचंच गाव. शाळेचे शर्ट, हाफ चड्ड्या, वॉचमनचे निळे ड्रेस, हॉस्पिटलातले झगे, सगळं इथं घाऊक शिवून बाहेरगावी जातं. 2017 मध्ये तर गणवेशांचं मोठं प्रदर्शनच भरलं होतं. पण त्या गणवेशांना निदान साइज असते. बत्तीस, चौतीस, छत्तीस. आमच्या गाउनवर लिहिलेलं असतं 'फ्री साइज'.

तो तुम्ही पाहिलेला आहेच. गळ्यापासून पोटापर्यंत चेन, छातीशी जरा पायपिंग, आणि अंगभर कुठल्याच झाडाला येत नाहीत अशी फुलं. दारात दूधवाला आला की त्यावर टॉवेल नाहीतर ओढणी टाकायची. बहुतेक वेळा तो सुनेनं किंवा लेकीनं आणलेला असतो, दोनावर एक फ्री असा, आणि देताना म्हटलेलं असतं, "आई, आता घरातच तर असता ना तुम्ही."

गाउनशी माझं वैर नाही, हे आधीच सांगून टाकते. मे महिन्यात पारा 43 च्या वर गेला की दुपारी मीही गाउनच घालते, आणि ज्यानं कुणी त्याला बाजूला खिसा लावला त्याचं भलं होवो. पण दुपारचा गाउन हळूहळू सकाळचा होतो, मग संध्याकाळचा. मग कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गाउनवर जाणं सुरू होतं, मग डॉक्टरकडे. पाहुणे आले तरी "राहू द्या हो, घरचेच आहेत." आणि तोवर या बाईचं माप कुणी घेतलं त्याला कित्येक वर्षं होऊन गेलेली असतात. छाती, कंबर, खांदा, बाही, कशाचाच आकडा कुठं लिहिलेला नाही. तिला काय बसतं हे आता कुणाला माहीत नाही, तिलाही नाही.

मी ब्लाउज शिवते, म्हणून मला हे जास्त टोचतं.

शिवणवर्ग केला 1975 मध्ये, लग्नाच्या आधी. आईनं हौस म्हणून घातलं होतं, पुढं ह्यांची मिल बंद पडली तेव्हा त्याच पायमशीनवर घर चाललं. टू बाय टू कापडाचे साधे चार टक्सचे ब्लाउज (टक्स म्हणजे अंगासरशी बसायला आतून घातलेल्या चुण्या), मग कटोरी, मग प्रिन्सेस कट, मग मागच्या गळ्याला लटकन आली, मग सगळ्यांना पाठभर गळा नि नॉट हवी झाली. सगळं शिवलं. आता एकाहत्तरावं चालू आहे, डोळ्यांचं मोतीबिंदूचं काम होऊन गेलंय, आणि काजं करायला मी बाहेर देते. पण कापायला अजून मीच बसते.

माझ्याकडे मापाच्या वह्या आहेत. एकेका गिऱ्हाइकाला एकेक पान. जुनी गिऱ्हाइकं असल्यानं एकाच बाईचं पंचवीसाव्या वर्षीचं माप नि सत्तराव्या वर्षीचं माप एकाखाली एक सापडतं. लोकांना वाटतं वय झालं की बाई जाड होते किंवा बारीक होते, म्हणजे फक्त छातीचा आकडा बदलतो. तसं नसतं. मणके दबतात, पाठीला बाक येतो, खांदे पुढं झुकतात. मग पाठीची उंची वाढते आणि पुढची कमी होते. जुन्याच मापाचा ब्लाउज दिला, की तो मागून वर चढतो, पुढं गळ्याशी झोळ पडतो. बाई दिवसभर मागून ब्लाउज खाली ओढत राहते आणि म्हणते, "माझंच अंग बिघडलंय, तुझी शिलाई ठीक आहे." अंग बिघडलेलं नसतं. पाठीला मधोमध पाऊण इंच वाढवायचा, पुढं तेवढाच काढायचा, खांदा अर्धा इंच आत घ्यायचा, टक्स खाली उतरवायचा, झालं. पण हे करायला माप घ्यावं लागतं, उभं करून, मागून नि पुढून वेगळं. मापाचा ब्लाउज टेबलावर पसरून टेप फिरवून चालत नाही.

आणि मुंढ्याबद्दल, म्हणजे बाही जोडतो त्या घेराबद्दल, एक सांगून ठेवते, कारण यात भलेभले शिंपी चुकतात. खांदा धरलेला असला, हात वर जात नसला, की बायका म्हणतात मुंढा मोठा ठेवा, मोकळं वाटेल. होतं उलटंच. मुंढा खोल केला की हात वर करताना अख्खा ब्लाउज हाताबरोबर वर येतो. मुंढा बगलेजवळच ठेवायचा, बाही वर रुंद कापायची, आणि बगलेत जादा कापडाची छोटी कळी घालायची. मग कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत हात जातो. उघडझाप पुढूनच. व्हेल्क्रो लावून पाहा म्हणून एका सुनेनं सुचवलं होतं. तिच्या सासूच्या नारायणपेठीचे धागे त्यात अडकून ओढले गेले, शिवाय काढताना जो आवाज होतो तो वेगळाच. टिचबटणं दिसायला सोपी, पण ती दाबायला नि ओढायला बोटांत जोर लागतो, जो संधिवातात पहिल्यांदा जातो. मी मोठी चपटी बटणं नि आडवी काजं देते. परकराला पुढं नाडी, मागं इलास्टिक. नाडीला निरगाठ बसली आणि घाई लागली, तर काय होतं हे आम्हा बायकांना माहीत आहे, बोलत कुणी नाही. गाउनकडे वळण्याचं निम्मं कारण हेच असतं, आणि लोक म्हणतात म्हातारीला आता नीटनेटकं राहायचा कंटाळा आला.

कंटाळा नसतो तो. ज्या दिवशी स्वतःच्या हातानं निऱ्या खोचता येत नाहीत, त्या दिवशी साडी दुसऱ्याच्या वेळेवर नेसावी लागते. सुनेला ऑफिसला जायचं असतं. मग आपणच म्हणतो, राहू दे. आणि कपडे घालून देणाऱ्याला जे घालून द्यायला सोपं, तेच आपल्याला आवडतं असं घरात ठरून जातं. माझं इतक्या वर्षांचं मत असं झालंय, की म्हातारपणी तुमचे कपडे कोण ठरवतं हे पैशावर नसतं नि घरच्यांच्या प्रेमावरही नसतं, तुमच्या बोटांना काय झेपतं यावर असतं. म्हणून मी बोटांपासून सुरुवात करते. आधी काय उघडता येतं ते बघायचं, मग गळा गोल की चौकोनी.

ट्रायलला मात्र वेगळंच युद्ध असतं. आई आलेली असते, सोबत लेक. मी आईला विचारते, "बाही किती ठेवू?" उत्तर लेकीकडून येतं, "कोपरापर्यंत. आईला तेच शोभतं." गळा? "लहानच." रंग? "फिका बघू काहीतरी, वयाला शोभेल असा." आई खिडकीतून बाहेर बघत असते. अशा वेळी मी एक युक्ती करते. अस्तराचा तुकडा लेकीच्या हातात देते नि म्हणते, एवढं मॅचिंग तेवढं चाटी गल्लीतून घेऊन ये. तिथं गर्दी असते, अर्धा तास तरी जातो. जिन्यावरून तिची चप्पल वाजेनाशी झाली की आई माझ्याकडे वळतात. "हं, आता लिहा."

त्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या. नातवाचं लग्न ठरलेलं. त्यांना बिनबाह्यांचा ब्लाउज हवा होता. उभ्या नोकरीत कोपरापर्यंत बाही, कारण शाळेत बाईंनी कसं दिसायचं ते ठरलेलं, मग निवृत्तीनंतर सवय म्हणून तेच. लेक परत आली तेव्हा माझी खडूची रेघ ओढून झाली होती. ती म्हणाली, "आई, दंड लोंबतात तुझे." बाई मराठी शिकवायच्या, वाक्य स्वच्छ होतं त्यांचं. "माझेच दंड आहेत ते. मी रोज बघते त्यांना. आता इतरांनी एक दिवस बघावेत." शिवला. खांद्याची पट्टी मी चांगली रुंद ठेवली, बगलेशी कापड वर घेतलं, म्हणजे हात हलवला तरी आतलं काही दिसत नाही. लग्नातला फोटो त्यांनी मला पाठवला. त्यात लेक थोडी रागावलेली दिसते, पण छान आलाय.

रंगाचं प्रकरण आणखी खोल जातं. माझ्या आजीची एक आत्या मला अंधुक आठवते, विधवेच्या आलवणातली. जाडंभरडं तांबडं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, आणि ती नेहमी माजघराच्या कोपऱ्यातच. मला लहानपणी वाटायचं तिला लाल रंग फार आवडतो. ते दिवस गेले, पण त्याचं शेपूट राहिलंच. नवरा गेलेली बाई पहिल्या वर्षात ब्लाउज शिवायला येते तेव्हा तिच्या हातात हमखास राखाडी, मोतिया, नाहीतर फिक्कट जांभळं कापड असतं. काठ नको, जरी नको, गळा लहान. कुणी सांगितलं विचारलं तर म्हणते, "सांगायला कशाला हवं?" 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की गावात नवऱ्याच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे सगळं बंद. त्याच महिन्यात सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना पत्रक काढून हाच कित्ता गिरवायला सांगितलं. मला फार बरं वाटलं होतं. पण ठरावात कपाटाबद्दल काही नाही. कपाटातले रंग बाई स्वतःच मागं ढकलते, आणि पुढं ओढायला कुणी ठराव करत नाही.

एकीनं ओढले. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. गर्द हिरवी, काळपट हिरव्या काठाची सुती साडी घेऊन आली नि म्हणाली, याला हिरवाच ब्लाउज शिवा. हिरवा म्हणजे आपल्याकडे चुडा, ओटी, लग्नातला शालू, सगळं सवाष्णीचं. मी काही बोलले नाही, पण माझा चेहरा बोलला असावा. ती म्हणाली, "काकू, मला हिरवा लग्नाच्या आधीपासून आवडतो. शाळेत माझी छत्रीसुद्धा हिरवी होती. तो रंग त्यांच्यामुळे आलेला नव्हता, त्यांच्याबरोबर कसा जाईल?" यावर काय बोलणार! पैसे घेतले नाहीत मी त्या ब्लाउजचे, तर तीच रागावली. ठेवून गेली मशीनवर.

आता लुगड्याबद्दल. माझी आई शेवटपर्यंत नऊवारीत होती, इरकलीच. काळपट निळं नाहीतर डाळिंबी अंग, चिक्कीचे काठ नि लाल पदर. इरकलचा पदर निराळाच असतो, अंगाचा ताणा वेगळा नि पदराचा वेगळा, दोन्ही फासे घालून जोडतात. आई त्या जोडावरून बोट फिरवून माल खरा की खोटा सांगायची. तिच्या पिढीतल्या कितीतरी जणी पुढं गोल साडीत आल्या. सुनांनी, मुलांनी सांगितलं, आता कोण नेसतं नऊवारी. ज्यांनी ऐकलं नाही त्या आज मला शहाण्या वाटतात. कासोटा घातला की पायात निऱ्या येत नाहीत, जिना चढताना साडी उचलावी लागत नाही, खाली मांडी घालून बसता येतं, दोन्ही हात मोकळे. बीजमाता राहीबाई पोपेरे पद्मश्री घ्यायला राष्ट्रपती भवनात गेल्या त्या नऊवारीत. सिंधुताई सपकाळांनाही आपण सगळ्यांनी नऊवारीतच पाहिलं, पाठीवरून घेतलेल्या पदरासह. त्या दोघींना कुणी म्हटलं नाही की आता पाचवारी नेसा, सोपं पडेल. आषाढात पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्या आमच्या जिल्ह्यातून जातात, त्यात बघा, सत्तरीच्या बाया डोक्यावर तुळस घेऊन कशा चालतात ते. गोल साडीवालीला निऱ्या सावरतच चालावं लागेल.

गंमत अशी की आता पाडव्याला शोभायात्रेत बुलेटवर बसणाऱ्या मुली शिवलेली नऊवारी घालतात. इलास्टिकची. पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी असे प्रकार आहेत तिच्यात. जुन्या बायका नाकं मुरडतात. मी सुरुवातीला मुरडलं नाही, कारण मला ते शिवायचे पैसे मिळत होते. पण मग एक पंच्याऐंशीच्या आजी आल्या. दोन्ही खांदे धरलेले, कासोटा मागं खोचायला हात पोचत नव्हता, सहा महिने गाउनवर होत्या. त्यांचं स्वतःचं मऊ झालेलं लुगडं त्यांच्या नेसण्याप्रमाणे मी शिवून दिलं. ओचा सुटा ठेवला, त्यांना पानसुपारी ठेवायला लागतो. पाय घातले, वर ओढलं, पदर घेतला, चालू लागल्या. मुलींच्या फॅशनमधून आजींची सोय निघाली, हे मला आवडलं.

पुरुषांचं यात फारसं अडत नाही. शर्ट, पायजमा, थंडीत स्वेटर. आमच्या ह्यांच्याकडे अजून एक सफारी आहे, तिची पँट आता कमरेला होत नाही आणि ते मला शर्ट टाकू देत नाहीत. पण संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत बघा पुरुषांकडे. पांढरीशुभ्र बाराबंदी घालून नंदीध्वजांबरोबर, त्या उंच मानाच्या काठ्यांबरोबर, निघतात. एरवी खुर्चीतून उठताना कण्हणारे आजोबाही त्या दिवशी ताठ असतात. बाराबंदीला हुक नाही, बटण नाही, नावाप्रमाणे बंद. एका बाजूवर दुसरी बाजू येते नि बांधली जाते. पोट सुटलं, बंद सैल. आजारानं अंग उतरलं, बंद आवळले. वर्षानुवर्षं तीच बाराबंदी तोच माणूस घालतो आणि दरवर्षी ती त्याला बसते. फ्री साइज म्हणायचंच असेल तर याला म्हणा. गाउन कुणालाच बसत नाही म्हणून तो सगळ्यांना होतो.

माझा स्वतःचा पोशाख तिथून निघाला.

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर साडीची पंचाईत झाली. वॉकर घेऊन चालताना निऱ्यांत पाय अडकायचा. पंजाबी ड्रेस घालून बघितला. वाईट नाही, माझ्या अर्ध्या मैत्रिणी त्यातच आहेत नि सुखात आहेत. मला ओढणी सावरायचा वैताग येतो, आणि सलवारीत मी मला दुसऱ्याच कुणाची तरी काकू वाटते. मग मी बसले कापायला. एका जुन्या इरकलीचा पदर विरला होता, अंग नि काठ शाबूत. त्याचा घेरदार परकर केला, काठ खाली, घोट्याच्या वर चार बोटं. पायात यायला काही नाही. वर लांब पोलकं, मांडीपर्यंत, खणाचं. खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो, त्यामुळे बाजूला साध्या सुती कापडाच्या पट्ट्या जोडाव्या लागतात. त्या मी मुद्दाम गडद घेतल्या, जोड लपवला नाही. आणि पुढून बाराबंदीसारखं, एका बाजूवर दुसरी. फक्त बंद बारा नाहीत, दोनच, दोन बोटं रुंद, म्हणजे दुखऱ्या हातालाही धरता येतात. परकराला उजवीकडे खिसा, कोपरापर्यंत हात जाईल एवढा. त्यात मोबाइल, चष्मा, टेप, खडू, आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या. हे घरात काही सापडेनासं झालं की आधी माझ्या खिशात बघतात.

ह्यांचं पहिलं मत होतं, "नाटकातली दिसतेस." मी विचारलं, "कुठल्या?" ते त्यांना सांगता आलं नाही. भजनी मंडळात एकीनं हळूच विचारलं, "बरं नाही का? साडी नेसवत नाही का?" दुसरी म्हणाली, "परकर-पोलकं तर पोरी घालतात, बाई." घालतातच. आठव्या-दहाव्या वर्षी मीही घालत होते. पण लहानपण परत आणायला मी ते शिवलेलं नाही, लहानपणी मला खिसा नव्हता. सुनेला सुरुवातीला अवघडल्यासारखं झालं, विशेषतः तिच्या माहेरच्या लग्नात मी हेच घालून जाणार म्हटल्यावर. "आई, लोक म्हणतील सासूला साडी घेत नाहीत." तिचं खोटं नव्हतं, लोक म्हणतातच. मी तिला म्हटलं, पोलक्याला जरीचे काठ लावते, नथ घालते, तुझ्या आईपेक्षा भारी दिसले तर मात्र तू बघून घे. नातीनं व्हिडिओ कॉलवर बघून एका शब्दात निकाल दिला, "आजी, को-ऑर्ड सेट!" तो काय असतो ते मी नंतर बघितलं, वरचं नि खालचं जोडीनं शिवलेलं. दुकानात त्याचे जे पैसे मागतात ते बघून माझी शिलाई मी वाढवली.

एक मुद्दा राहिला, जुन्या साड्यांचा. आपल्या वयाच्या प्रत्येकीच्या कपाटात रेशमी साड्यांचा ढीग आहे, नेसवत नाहीत इतक्या जड, नि टाकवत नाहीत. सुनेसाठी ठेवल्यात म्हणतात. सुनांना त्या नको असतात, हे मी सुनांचेही ब्लाउज शिवलेत म्हणून सांगू शकते. रेशीम घडीवर विरतं, जर काळी पडते, आणि एक दिवस घडी उलगडली की साडी घडीच्या रेघेवरच फाटते. त्यापेक्षा कापा. एका बाईंचा लग्नातला शालू मी कापला तेव्हा त्या पाठ करून बसल्या होत्या, कात्रीचा आवाज ऐकू नये म्हणून पंखा वाढवायला लावला. त्याचं लांब जॅकेट झालं. आता त्या ते साध्या सुती कुडत्यावर घालून बँकेतसुद्धा जातात. मात्र हातमागाची, धड असलेली पैठणी घेऊन कुणी आलं तर मी कात्री लावत नाही. तिचा पदर विणायला विणकराचे किती दिवस गेले असतील! ती नेसवत नसेल तर खांद्यावर शेल्यासारखी घ्या, पण माझ्याकडे आणू नका. कापणारे दुसरे पुष्कळ आहेत.

या पोलक्याचं माप नि कटिंग बऱ्याच जणी विचारतायत, म्हणून हिशेब लिहून टाकते. परकराला एक जुनी सुती साडी पुरते, पदर सोडून. पोलक्याला खण किती लागतो ते तुमच्या अंगावर आहे, फोनवर विचारू नका. घरी या, दहा मिनिटं उभ्या राहा, मी माप घेते. उभं राहवत नसेल तर बसून घेते, फक्त मग उंची वेगळी धरावी लागते, ते मी बघेन. बरोबर लेक, सून कुणी येणार असेल तर येऊ द्या, चाटी गल्लीतून आणायचं काही ना काही निघतंच. दिवाळीचं हवं असेल तर नवरात्राच्या आधी कापड आलं पाहिजे. आणि मी आता साठीच्या पुढच्यांचंच शिवते. साठीच्या आतल्यांनी कृपया आपापला शिंपी शोधावा, तुम्हाला काहीही बसतं.